अठरा पूर्ण व्हायच्या आत

पुण्याच्या बुधवार पेठेत, देहविक्रीच्या वस्तीत जन्मलेली, तिथंच वाढलेली, महापालिकेच्या शाळेत मराठीतून शिकलेली काही मुलं आज सोळा-सतरा वर्षांची आहेत आणि त्यांना आपलं म्हणायला एकही देश तयार नाही. त्यांच्या आयांना कोवळ्या वयात नेपाळमधून, बांगलादेशातून फसवून इथं आणलं आणि विकलं. आणणारे सुटले, विकत घेणारे सुटले, गिऱ्हाइकांना तर कुणी कधी हटकलंही नाही. अडकली ती मुलं. मी हे दया मागायला लिहीत नाही. या मुलांसाठी कायद्यात एक दार आहे, ते अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी कायमचं बंद होतं, आणि ज्यांना ते उघडण्याचा अधिकार आहे ते हातावर हात ठेवून बसले आहेत, म्हणून लिहिते आहे.

कायदा आधी सांगते, कारण या विषयावर तावातावानं बोलणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलेलाच नसतो. नागरिकत्व कायदा 1955 सालचा. 26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत जो भारतात जन्मला तो भारतीय. परदेशी वकिलातींतली मुलं वगैरे थोडे अपवाद सोडले तर आईबाप कुठले, हे कुणी विचारत नव्हतं. आसाम करारानंतर राजीव गांधींच्या सरकारनं दुरुस्ती केली आणि 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. मग 2003 च्या डिसेंबरात वाजपेयी सरकारनं आणखी एक दुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली. ती 3 डिसेंबर 2004 ला लागू झाली तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंगांचं सरकार होतं. एकानं केली, दुसऱ्यानं राबवली, तेव्हा या पापाचं खापर कुठल्या एका पक्षावर फोडायची सोय नाही. त्या दिवसापासून एक पालक भारतीय असून भागत नाही. दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कुंपण होतं, सीमा होती. दगडूशेठ गणपतीच्या मागच्या आळीतली, पडदा लावून दोन केलेली खोली नव्हती, आणि त्या खोलीत जन्मणारं मूलही नव्हतं.

त्या तारखेनंतर जन्मलेली पहिली मुलं 2022 च्या डिसेंबरात अठरा वर्षांची झाली. तेव्हापासून दर महिन्याला कुणी ना कुणी ती रेघ ओलांडतंय आणि गुपचूप नाहीसं होतंय.

आता हा कायदा एका मुलीला लावून बघा. आई नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. गावातल्याच ओळखीच्या माणसानं कामाला लावतो म्हणून आणली, तेव्हा तिला धड पाळीही आलेली नव्हती. मुलगी महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात जन्मली. जन्माचा दाखला आहे. त्यावर आईचं नाव आहे, बापाच्या रकान्यात आडवी रेघ. बाप कोण? असेल पुण्यातला, पिंपरीतला, सोलापूरकडचा. आईला एवढंच ठाऊक की गिऱ्हाईक होतं. तो भारतीय होता याबद्दल कुणाला खरोखर शंका आहे? आईबद्दल म्हणाल, तर 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळं नेपाळी माणसाला इथं राहायला व्हिसा लागत नाही, त्यामुळं ती बेकायदा स्थलांतरितही ठरत नाही. म्हणजे कलम 3 सरळ वाचलं तर ही मुलगी जन्मतःच भारतीय आहे. पण सिद्ध करून दाखव म्हणतात. ज्या पुरुषानं रात्रीपुरतंसुद्धा स्वतःचं खरं नाव सांगितलं नाही, त्याच्या नावाचा पुरावा त्याच्या मुलीनं सतरा वर्षांनी आणून द्यायचा. ही मागणी करणाऱ्या व्यवस्थेला मी आंधळी म्हणणार नाही. ती डोळे उघडे ठेवून हे करते.

मी पेठेतल्या मुलांना दहावी-बारावीनंतर प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करते. या मुलीला बारावीला विज्ञान शाखेत चांगले गुण मिळाले. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेऊन तिनं अभ्यास केला. रात्री खोलीत जागा नसायची म्हणून एका संस्थेच्या अभ्यासिकेत बसायची. प्रवेशाला वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला हवा, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलेलं आहे. पहिलीच्या वर्गशिक्षिकेनं लिहिलं, पुढं कुणी खोडलं नाही. शहरातल्या एका सेवा केंद्राच्या खिडकीवर आम्ही तिची सगळी कागदं ठेवली. खिडकीतल्या माणसानं वडिलांचा रहिवासाचा पुरावा मागितला. वडील नाहीत म्हटल्यावर आईचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला मागितला. आई शाळेत गेलेलीच नाही. तिच्या जन्माची नोंद कुठं असलीच तर ती हिमालयातल्या एखाद्या गावात. तो माणूस वाईट नव्हता. 'बाई, हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकतच नाही हो,' म्हणाला, आणि कागदं परत आमच्याकडं सरकवली.

बाहेर पायरीवर एक एजंट उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. 'बाप लावून देतो,' असं तो त्या मुलीच्या तोंडावर म्हणाला. पैसे घेऊन नाव देणारा माणूस, त्याचं रेशनकार्ड, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, सगळं एका आठवड्यात. हा धंदा आळीत सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या दोन मुलांचं त्यानंच करून दिलं होतं, ती मुलं आज कॉलेजात आहेत. घरी जाताना ती मुलगी मला म्हणाली, 'बाई, आईनं खरं सांगितलं म्हणून माझं अडलं ना?'

याचं उत्तर होय असं आहे. जी आई खोटा नवरा उभा करते तिचं मूल भारतीय. जी आई दवाखान्यात खरं सांगते, बापाचं नाव माहीत नाही म्हणते, तिचं मूल कुणाचंच नाही. नागरिकत्वाची पहिली पायरी म्हणून हे सरकार सतरा वर्षांच्या मुलांकडून खोटं प्रतिज्ञापत्र करून घेतं. वर तेच प्रतिज्ञापत्र उद्या सापडलं तर त्याच मुलांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल करण्याचा अधिकारही स्वतःकडं ठेवतं. एजंटाच्या दुकानाचं भाडं कुणी देत असेल तर तो हा नियम देतो.

कुणी म्हणेल, बापाच्या नावाची अट तर केव्हाच गेली. अर्धं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं की अविवाहित आईला बापाचं नाव उघड न करता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, आणि आईनं अर्ज केला की जन्माचा दाखला दिलाच पाहिजे. 2016 च्या डिसेंबरात पासपोर्टसाठी एकाच पालकाचं नाव पुरेसं झालं. महाराष्ट्रानं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं आणि मग बापाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं. मंत्रालयात दालनांबाहेरच्या पाट्या बदलल्या. एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे, देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस, अजित आशाताई अनंतराव पवार. चांगला निर्णय होता, मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण यातलं प्रत्येक पाऊल आई भारतीय असेल तरच मुलाला कुठं पोचवतं. आई सिंधुपाल्चोकची किंवा बांगलादेशातल्या सातखिऱ्याची असेल तर तिच्या नावानं मुलाच्या पदरात काहीही पडत नाही. बापाची जागा रिकामी आणि आईच्या नावाला किंमत नाही, अशा घरातली ही मुलं आहेत.

मग नेपाळनं घ्यावं, असं फार सहज बोललं जातं. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतलं अकरावं कलम वाचा. बापाचा ठावठिकाणा नसलेल्या मुलाला आईवरून नागरिकत्व मिळतं, पण कधी? ते मूल नेपाळमध्ये जन्मलेलं असेल आणि नेपाळमध्येच राहत असेल तर. पुण्यात जन्मलेल्याला तिथं जागा नाही. इथं म्हणतात बाप दाखव, तिथं म्हणतात जन्म दाखव. आणि मुळात आईचाच कागद नसेल तर काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यावर मोठी धाड पडली, शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यांत दोनशेच्या वर नेपाळी होत्या. नेपाळ सरकारनं त्या आपल्या आहेत याला पुरावा काय म्हणून हात झटकले. मुली महिनोन् महिने इथल्या सुधारगृहांत पडून राहिल्या. शेवटी नेपाळमधल्या संस्था पुढं आल्या आणि जुलैत 128 मुली नेपाळला परतल्या. त्यांतल्याच काहींनी 'शक्ती समूह' ही संघटना उभी केली. ज्यांनी हे भोगलं त्यांनीच चालवलेली ती संस्था, आणि 2013 मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना सुरुवातीची कितीतरी वर्षं कशासाठी झगडावं लागलं, तर सुटून आलेल्या मुलींना नेपाळी नागरिकत्वाचा कागद मिळावा यासाठी. आयांची ही गत. त्यांच्या पोटी इथं जन्मलेल्या लेकरांना कोण कुठून कागद देणार?

बांगलादेशी आईच्या मुलाची अडचण आणखी वाईट. तिथल्या कायद्यात 2009 पासून आईवरून मुलाला नागरिकत्व मिळतं खरं, पण त्यासाठी आधी आई कोण हे त्या देशानं मान्य करायला हवं. आणि इथं? समजा बाप सापडला, तो भारतीय निघाला, त्यानं कोर्टात उभं राहून हे माझं मूल म्हणून सांगितलं, तरी 2004 नंतरच्या कायद्यानं ते मूल भारतीय नाही, कारण आई बेकायदा. बारा वर्षांच्या मुलीला पोत्यासारखं सीमेपलीकडून आणलं गेलं, आणि तो गुन्हा तिच्या नावावर, तिच्या मुलाच्या नावावर चढवला गेला. गुन्ह्याच्या बळीलाच गुन्हेगार ठरवणारं हे कलम आहे. ते रद्द झालं पाहिजे, आणि रद्द होईपर्यंत त्याचा वार या मुलांवर पडू देता कामा नये.

आता मी माझ्याच पुण्याबद्दल बोलते. लक्ष्मी रोडच्या दोन्ही अंगांना, सदाशिव-नारायणपासून कोथरूडपर्यंत, अमेरिकेत मूल नाही असं घर आता शोधावं लागेल. या घरांतल्या आजी-आजोबांनाही 'एच-फोर' व्हिसा आणि ग्रीनकार्डाच्या रांगेतली 'प्रायॉरिटी डेट' हे शब्द पाठ आहेत. तिसऱ्या वर्षी आईबापांबरोबर न्यू जर्सीला गेलेली नात 21 पूर्ण झाली की तिचा आश्रित म्हणून असलेला एच-फोर व्हिसा संपतो. एका देशाला एकूण ग्रीनकार्डांच्या 7 टक्के अशी मर्यादा असल्यामुळं आईबापांचं कार्ड तोवर आलेलं नसतं. 2002 मध्ये तिथं अशा मुलांचं वय मोजताना सवलत देणारा कायदा झाला; 2025 च्या ऑगस्टात त्यातल्या मोजणीची पद्धत सरकारनं पुन्हा कडक केली आणि कितीतरी मराठी घरांत झोप उडाली. माझ्या नात्यातही अशी मुलगी आहे आणि तिच्या आईची तगमग मी फोनवर ऐकते. ती तगमग खरी आहे. ती आई म्हणते, जिनं दुसरा देश पाहिलाच नाही तिला पाठवणार कुठं? बरोबर हाच प्रश्न मी बुधवार पेठेतल्या मुलीसाठी विचारते, तेव्हा तीच माणसं मला सीमासुरक्षा शिकवायला लागतात.

20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी आदेश काढला: आई तात्पुरत्या व्हिसावर किंवा बेकायदा असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर अमेरिकेत जन्मूनही मूल अमेरिकी नाही. खालच्या न्यायालयांनी तो लगेच रोखला. पुण्यात केवढा संताप झाला! बाळाचा काय दोष, असं जो तो म्हणत होता. मला त्यांतल्या प्रत्येकाला सांगायचं आहे की तुमच्या देशानं हे 1987 मध्येच केलं आणि 2004 मध्ये आणखी कडक केलं, आदेशानं नव्हे, संसदेनं कायदा करून. तेव्हा तुमच्या पेठांतून एक आवाज निघाला नाही. बाळाचा दोष नसणं हे तत्त्व असेल तर ते दोन्हीकडं लागू करा. नाहीतर तुम्हाला फक्त आपल्या बाळाची फिकीर आहे असं स्पष्ट म्हणा आणि तत्त्वाच्या गोष्टी बंद करा.

ज्या अमेरिकेला आपण इतकं बोलतो तिथं 2000 साली तस्करीच्या बळींसाठी वेगळा व्हिसा सुरू झाला. माणसांच्या व्यापारात सापडलेली परदेशी बाई तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते आणि आपल्या 21 वर्षांखालच्या मुलांनाही त्यात घेऊ शकते. त्याची वार्षिक मर्यादा तोकडी आहे, अटी कडक आहेत, सगळं मान्य. पण आई मुलासाठी उभी राहू शकते अशी जागा कायद्यानं केलेली आहे. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं कायम वास्तव्याचा दर्जा म्हणून एक गोष्ट आहे. 2016 च्या ऑगस्टात केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. परदेशी माणसानं 18 महिन्यांत 10 कोटी किंवा 36 महिन्यांत 25 कोटी रुपये गुंतवले, वर्षाला किमान 20 भारतीयांना रोजगार दिला, तर त्याला 10 वर्षं राहण्याचा हक्क, पुढं आणखी 10 वर्षं वाढवून. बायकोमुलांना नोकरी-शिक्षणाची मुभा. म्हणजे परदेशी पाहुण्याच्या मुलाला आपल्या देशात जागा आहे, 10 कोटी आणले तर. इथंच जन्मलेल्या, इथल्याच शाळेत प्रार्थना म्हटलेल्या मुलाला नाही. असा हिशेब ज्या देशाचा आहे त्या देशाची मला लाज वाटते.

अठरा पूर्ण झाल्यावर काय होतं, तेही सांगते. तोवर बालन्याय कायदा पाठीशी असतो. बालगृहात जागा मिळते, बाल कल्याण समिती असते. 18 नंतर अनुरक्षण गृहात 21 पर्यंत राहता येतं असं कायदा म्हणतो, पण त्या जागा कमी आणि वसतिगृहातून सुटलेल्या मुलांची रांग मोठी. शिष्यवृत्ती नाही, सरकारी नोकरीचा अर्ज नाही, मतदान नाही, पासपोर्ट नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला. जुन्याप्रमाणंच त्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसावरच. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संरक्षणाची गरज असलेलं बालक, आणि दुसऱ्या दिवशी संशयित परदेशी. मुलगी असेल तर तिच्यासाठी वाट बघत बसलेली एकच जागा आहे, आणि तिथं आधारकार्ड कुणी मागत नाही. आळीतल्या मालकिणींना हे सरकारपेक्षा चांगलं कळतं. त्या मुलीच्या वयाचा हिशेब ठेवून असतात. आपण ज्या मुलीला नर्स होऊ दिलं नाही तिला आपण कुठं ढकललं, हे पुण्यातल्या कुणाला मी फोड करून सांगायची गरज नाही.

आधार आहे की, असं काही जण म्हणतात. आहे, आणि ते मिळालं त्याला सर्वोच्च न्यायालय कारण आहे. 19 मे 2022 ला न्या. नागेश्वर राव, न्या. गवई आणि न्या. बोपण्णा यांनी आदेश दिला की देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाही घटनेच्या 21 व्या कलमाची प्रतिष्ठा आहे, आईच्या धंद्याच्या कारणानं मुलाला तिच्यापासून तोडू नये, आणि राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यावं. मोठा आदेश होता. पण आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आधार कायद्याच्याच नवव्या कलमात लिहिलेलं आहे. रेशन मिळतं, बँकेचं खातं उघडतं, देश मिळत नाही.

अनाथ मुलांसाठी महाराष्ट्रानं 2018 मध्ये 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. गोव्यातल्या अनाथालयात वाढून पुण्यात शिकलेल्या अमृता करवंदे यांच्या लढ्याचं ते फळ. आईबापांचा पत्ता नसलेल्या मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर पुढची कागदं होतात, हे योग्यच आहे. पण त्याचा उलटा अर्थ बघा. बुधवार पेठेतल्या मुलीच्या आईनं तिला जन्मल्या जन्मल्या टाकून दिलं असतं, तर सरकारनं तिला सांभाळलं असतं. आईनं टाकलं नाही. धंद्याच्या वेळी पलंगाखाली झोपवलं, शाळेत घातलं, पावसात डबा घेऊन गेली. त्या मायेचा दंड मुलगी भरते आहे.

या मुलांना कागद दिले तर घुसखोरी वाढेल, हा आक्षेप मी शंभरदा ऐकला आहे. मुलाला पुढंमागं पासपोर्ट मिळेल म्हणून कुणी बारा वर्षांची मुलगी स्वतःला विकून घेत नाही. तस्करी थांबवायची असेल तर दलालाला धरा, घरमालकाला धरा. जागा तीच आहे, फरासखाना पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारनं बांगलादेशींच्या नावानं ओरड झाल्यावर उशिरा केलेल्या जन्मनोंदणीचे दाखले देणं थांबवलं आणि विशेष तपास पथक नेमलं. बोगस दाखले शोधायलाच हवेत. पण त्या गदारोळात खोलीत जन्मलेल्या, वेळेवर नोंद न झालेल्या खऱ्या मुलांचं काय झालं, हे विचारायला कुणी नेता आला नाही. या मुलांना मत नाही. त्यांच्या आयांनाही नाही. म्हणून कुणी येत नाही.

आता त्या दाराबद्दल. नागरिकत्व कायद्याचं कलम 5, पोटकलम 4. विशेष परिस्थिती आहे अशी केंद्र सरकारची खात्री झाली तर ते कोणत्याही अल्पवयीन मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. कोणत्याही. आई कोण, बाप कोण, ही अट त्यात नाही. बेकायदा स्थलांतरिताला वगळणारे शब्द पहिल्या पोटकलमात आहेत, चौथ्यात नाहीत. एकच अट, मूल अल्पवयीन असलं पाहिजे. नवा कायदा नको, संसदेचं अधिवेशन नको, एका सहीचं काम आहे. फसवून आणलेल्या बाईच्या पोटी, अनोळखी भारतीय पुरुषापासून, भारतात जन्मलेलं आणि दुसऱ्या कुठल्याही देशानं न स्वीकारलेलं मूल ही विशेष परिस्थिती नसेल, तर ते कलम लिहिलं कशासाठी? 1992 च्या 11 डिसेंबरला भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. तिच्या सातव्या कलमात प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, आणि मूल देशहीन राहणार असेल तेव्हा तर सरकारची जबाबदारी अधिकच, असं म्हटलं आहे.

वकील मिळाला की हे जमतं, याचंही उदाहरण आहे. आंध्र प्रदेशात 2006 मध्ये एका मुलीचा जन्म झाला. आईबाप मूळचे भारतीय, पण तोवर अमेरिकी नागरिक झालेले. मुलीला ना इकडचा पासपोर्ट ना तिकडचा. 2024 च्या मे महिन्यात, ती अठराच्या उंबरठ्यावर असताना, दिल्ली उच्च न्यायालयानं ती बेकायदा स्थलांतरित नाही असं सांगून तिच्या नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला. मला त्या मुलीचा आनंदच आहे. पण तिच्या आईबापांना दिल्लीत वकील देता आला. बुधवार पेठेतल्या दाणे आळीतल्या बाईला तहसील कचेरीच्या पायरीवरून हाकलतात.

माझी मागणी साधी आहे. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि बाल कल्याण समितीला बरोबर घेऊन पेठेतल्या अशा मुलांची नोंद करावी. 'सहेली संघ', 'वंचित विकास' यांच्यासारख्या संस्था तिथं वर्षानुवर्षं काम करताहेत, त्यांना प्रत्येक घर माहीत आहे. त्यांच्यामार्फतच ही नोंद व्हावी. यादी पोलिसांच्या हाती जाता कामा नये, आणि तिच्या आधारावर एकाही आईला हात लागता कामा नये. नाहीतर कुणी दारसुद्धा उघडणार नाही. सोळा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा प्रस्ताव राज्यामार्फत केंद्रीय गृहमंत्रालयाकडं जावा. ऑनलाइन अर्जाची सगळी घडण परदेशी पासपोर्ट असलेल्यांना समोर ठेवून केलेली आहे, ती या मुलांसाठी बदलावी. आणि अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी जे वय असेल तेच शेवटपर्यंत धरावं. अमेरिकी नागरिक आपल्या मुलासाठी अर्ज करतो तेव्हा मुलाचं वय त्या दिवशी गोठवतात. दिल्लीतल्या फायलीवर धूळ बसली म्हणून मूल अपात्र ठरता कामा नये.

पुण्यात निवृत्त सनदी अधिकारी आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत, आयएलएस विधी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले शेकडो वकील आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: प्रत्येकानं एका मुलाची फाइल घ्या. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, शिक्षकांचं पत्र, आईचं खरं प्रतिज्ञापत्र एवढं जमवा आणि अर्ज भरा. अडला तर उच्च न्यायालयात जा. देणगी नको, फराळाची पाकिटं नकोत, दिवाळीला मुलांबरोबर काढलेले फोटो तर मुळीच नकोत. 2008 साली जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी कलम 5 मधलं हे दार 31 डिसेंबर 2026 पर्यंत बंद झालेलं असेल.